मावशीचा भार

आमच्या सांगलीच्या घरात मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या मागच्या बाजूला. वडील सतत कुठल्या ना कुठल्या चळवळीत, त्यामुळे वाटून उरलेली पत्रकं माझ्या गणितांना मिळायची. एका बाजूला भागाकार, दुसऱ्या बाजूला 'जागे व्हा!'. असं वाढलेल्या मुलीला पुढाऱ्यांच्या गूळतुला आवडणं शक्य नव्हतं. साहेबांना पारड्यात बसवायचं, समोर गुळाच्या ढेपा रचायच्या आणि सगळ्या तालुक्यानं बघत राहायचं. ज्यांचा भार लोकांच्या मानेवर आधीच आहे, त्यांना वेगळं तोलायची गरज काय, असं एक पत्रक मी कॉलेजात असताना लिहून वाटलंही होतं.

आणि गेल्या हिवाळ्यात कळलं, की कराडजवळच्या माझ्या मावशीची एकसष्टी आहे आणि तिची गूळतुला होणार आहे. तिनं ती स्वतः मागून घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं म्हणून तिचे यजमान, माझे काका, लगेच तयार झाले. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना कार्यक्रम मोठा असला की बरं वाटतं.

मी वाद घालायलाच लवकर जाऊन पोचले. पण एसटीतून उतरल्याबरोबर फाट्यावर फ्लेक्स दिसला आणि वादाचा विषयच बदलला. फ्लेक्सवर मावशी होती म्हणे. गाल संगमरवरी, केस काळे कुळकुळीत, कपाळावर एक आठी नाही. खाली दोघे म्हातारे उभे होते.

"कोण रं ही?"

"एकसष्टी लिवलंय."

"मग सुनंचा फोटू चुकून लावला आसंल गड्या."

हा पराक्रम माझ्या मावसभावाचा. तो साताऱ्यात एक आरोग्य क्लब चालवतो. सकाळी एका गाळ्यात माणसं जमतात, पावडरीचा शेक पितात आणि कुणाचं वजन जरा उतरलं की सगळे मिळून टाळ्या वाजवतात. साखर आणि गूळ यांना तो विष म्हणतो. त्याचं शिक्षण, त्याची गाडी आणि त्या गाळ्याची अनामत हे सगळं उसाच्या बिलातून आलं, पण ते बहुधा औषधी विष असावं. दिवाळीपासून त्यानं आईला दोन वेळच्या जेवणाऐवजी शेकवर ठेवलं होतं. गावासमोर आई हलकी भरली, की क्लबला याहून मोठी जाहिरात कुठली?

मावशी स्वयंपाकघरात भेटली. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. गळ्याजवळची कातडी सैल पडली होती.

"मावशे, अगं काय ही तब्येत?"

"शेक गं. चव विटकरीची, पर पोरगं प्रेमानं देतंय. मन मोडवत न्हाई."

"आणि ही तुला? पुढाऱ्यांचे चाळे तुला कशाला हवेत?"

तिनं हातातला पेला खाली ठेवला. "पुढारी करत आसतील मोठेपणासाठी. माझं येगळं हाय. आमी बायका सावडीच्या."

सावड म्हणजे एकमेकींच्या रानात पाळीपाळीनं तण भांगलायला जाणं. मजुरी नाही, हिशेब नाही. आज तुझ्या उसात, उद्या माझ्या. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या बायकांबरोबर खुरपं घेऊन वाकली होती. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि तिचं जाणं थांबलं. बायका मात्र तिच्या रानात येतच राहिल्या.

"माझी पाळी आता फिटायची न्हाई. म्हटलं, माझ्या भाराचा गूळ सगळ्यींच्या घरात जाऊ दे. घरटी एक ढेप. माझ्या आधीच्या भारानं मापून सांगितल्यात."

"मग नुसत्याच वाट ना."

"नुसता दिला तर ती भीक हुईल, बये. माझ्या अंगाच्या भाराचा दिला तर ती सावड." मग तिनं सैल बांगडी वर ढकलली. "पर आता भारच राह्यला न्हाई. ढेपा उरतील, बायका उरतील. काय करू गं?"

एवढी पत्रकं वाचून मोठी झालेली मी, तिच्याबरोबर ढेपा आणि बायका मोजायला बसले.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव. गुळाच्या पेठेतला जुना मोठा तराजू तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगला होता, एकेका पारड्यात दोन पोती मावतील एवढा. एका बाजूला साताऱ्याहून आलेले क्लबवाले, एकसारख्या टी-शर्टांत. दुसऱ्या बाजूला सावडीच्या बायका, डोक्यावर पदर घेऊन. पार्लरवाली केस रंगवायला आली होती. मावशीनं तिला चहा पाजून परत पाठवलं होतं.

काकांनी हुकूम सोडला, "बसा!" मावशी पारड्यात बसली. गुळाचं पारडं जमिनीवरून हललंसुद्धा नाही.

मावसभावानं माईक उचलला. "बघा! गूळ हरला, आई जिंकली! जोरदार टाळ्या!" क्लबवाल्यांनी वाजवल्या. बायका ढेपांकडे बघत राहिल्या. "आता वरच्या ढेपा काढा," तो म्हणाला, "बरोबरी होईपर्यंत."

"हात लावू नगंस," पारड्यातून मावशी म्हणाली.

"आई, अगं वजन कमी झालंय तुझं. चांगली गोष्ट आहे ती."

"कुणाला चांगली?" मग तिनं बायकांकडे मान वळवली. "ये गं थोरले, बस माझ्यापाशी."

सगळ्यांत म्हातारी होती ती लाजली. "आवं आक्का, एकसष्टी तुमची. मी कशाला?"

"ह्याच्या येळंला मी बाळंतीण हुते," मावशीनं लेकाकडं बोट केलं, "तवा माझ्या रानात कोण वाकलं हुतं? तवाचा तुझा भार माझ्याच खात्यावर हाय. ये."

"पर मी लय जड हाय."

"मग तर येच!"

बायका खोखो हसल्या आणि चौघींनी मिळून थोरलीला पारड्यात चढवलं. साखळ्या करकरल्या. मावशीचं पारडं दणकन खाली, ढेपा हवेत. माईकवरून "अरे, अरे!" एवढंच ऐकू आलं.

"गूळ कमी पडला!" काका ओरडले. हा त्यांना शत्रूनं केलेला अपमान वाटला असावा. शेजारचं गुऱ्हाळ चालू होतं. तिकडं टेम्पो धावला. तेवढ्यात फोटोवाला पुढं झाला आणि थोरलीला म्हणाला, "आजी, तुम्ही जरा उतरा, यांचा एकटीचा घेतो."

"हिला काढलंस तर मग माझा फोटू कसला?" मावशी म्हणाली.

ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर आलं होतं. हसताना तोंडभर सुरकुत्या पडत होत्या आणि फ्लेक्सवरची बाई तिच्यापुढं आजारी दिसली असती. नव्या ढेपा आल्या, अजून कोमट. एकेक चढत गेली. क्लबमधला एकजण खाली पडलेला तुकडा उचलून गुपचूप तोंडात टाकताना मी पाहिला. हळूहळू पारडी समोरासमोर आली आणि थरथरत थांबली.

"भरली तुला! उतरा आता," काका म्हणाले.

"थांबा की," मावशी थोरलीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली. "आत्ता कुठं जड वाटाय लागलंय."