वयनीचा मिटलेला हात

भिसेगावला आमच्या दारात भावाचा गडी सकाळीच येऊन उभा राहिला. मी म्हटलं, बोल रं बाबा. तो म्हणाला, "वयनी गेल्या." वयनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. चार दिवसांचा ताप काय तो निमित्ताला... महिना होऊन गेला, तरी अजून माझा हात लिहिताना थांबतो.

खालापूरच्या अंगाला आमचं माहेर. वयनी तिथं नवरी होऊन आली तेव्हा मी परकरात होते. तांदळाची भाकर तिनंच थापावी. पापुद्रा असा सुटायचा की आमचा भाऊ, एरवी मुक्याचा मुका, तोही म्हणायचा, आणखी अर्धी टाक. पुढं तिची चाळिशी उलटली आणि उजव्या तळव्यात गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी बघितली नाही. मग कातड्याखाली दोरी ताणावी तशी शीर उठली आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट हळूहळू आत वळलं. तेल चोळून झालं, शेक झाला, रात्री बांबूची कामटी बांधून झाली. बोटं काही उघडेनात. आणि आळीत कुजबुज सुरू झाली... महारोग.

भावानं तिला गाडीत घालून कर्जतला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तिला डोळे मिटायला लावून बोटांना सुई टोचली. वयनी कळवळली. डॉक्टर म्हणाले, टोचलेलं कळतंय ना, मग तो रोग नव्हे, तळव्याच्या आतला पडदा आखडलाय. परतताना माझी वेडी वयनी रस्त्यात भेटेल त्याला हात दाखवून सांगत आली, मला सुई दुखली बरं का. बाया मान डोलवायच्या आणि पदर सावरून दोन पावलं मागं सरायच्या.

आमच्याकडं कुणाचं माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, आळीतल्या घराघरांतून भाकऱ्या जातात. शेजारचे म्हातारबाबा गेले तेव्हा वयनीनंही टोपली नेली. त्या घरच्यांनी ती गोड बोलून ठेवून घेतली. संध्याकाळी रिकामी टोपली आणायला ती गेली आणि गोठ्यापाशीच थबकली. मी तेव्हा माहेरी आलेले, घरी येऊन मला म्हणाली, "वन्सं, माझी भाकर गायीनं खाल्ली." एवढंच. रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाली, मला ममईला न्या, कापू द्या हात.

लढाईचे दिवस, तरी गेली. मुंबईच्या इस्पितळात तळवा चिरून आतलं आखडलेलं काढलं आणि हात फळीला बांधून ठेवला. पट्टी सुटली तेव्हा बोटं सरळ! त्या वर्षी आळीतली एकजण लेकीच्या बारशाला तिला भाकऱ्या थापायला बोलावून घेऊन गेली. वयनी नवं लुगडं नेसून गेली होती... पण दोन पावसाळे गेले आणि तीच बोटं पुन्हा आत वळली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी, परत कापू. ती नाही म्हणाली. त्यानंतर तिनं हात पदराखाली घेतला आणि टोपली कुणाच्याच दारात नेली नाही. घरच्यांपुरतं थापायची, दोन बोटं मुठीत, बाकीच्या हातानं. वयनीची सून इंदू लहान वयात आलेली, सासूला आईच म्हणायची, ती तिच्याशेजारी बसून शिकली.

वयनी गेली त्या दिवशी साऱ्या आळीच्या भाकऱ्या आल्या. भावानं एकीलाही हात लावला नाही.

दिवसकार्य उरकून घरची चूल पुन्हा पेटली, तेव्हा मी तिथंच होते. इंदू परातीपुढं बसली, हात ओला केला, आणि मी बघत राहिले. दोन बोटं आत दुमडून थापत होती पोर. म्हटलं, "इंदे, बोटं सरळ कर गं. आळीनं बघितलं तर तुलाही नावं ठेवतील."

ती मान वर न करता म्हणाली, "आत्या, मला दुसरी तऱ्हा येत नाय. आईनं अशीच शिकवली."

मी तिचा पिठाचा हात हातात घेतला. ती दोन बोटं उलगडून बघितली. सहज उलगडली हो... जराही जोर लागला नाही. मी हात सोडला, तशी तिनं ती पुन्हा मिटली आणि भाकर फिरवायला लागली.