दातांनी फोटो काढणारा माणूस

पोलिसांकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांची सुरुवात माणसापासून होते. कुणीतरी मार खाल्लेला असतो, कुणीतरी हरवलेला असतो. या प्रकरणात मात्र आधी हेल्मेट सापडले आणि मग त्यातले डोके शोधत मी चेन्नईभर फिरलो. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, पण त्याची आठवण निघाली की अजूनही मी बसल्या जागी सरळ होतो. नावे कुणाचीच सांगणार नाही.

आमचे घराणे तंजावरकडचे मराठी. नोकरी सगळी तमिळमध्ये झाली, त्यामुळे खालचे बहुतेक बोलणे मूळचे तमिळ आहे. त्या वेळी मी बंगळुरू रस्त्यावरच्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. इरुंगाट्टुकोट्टैची औद्योगिक वसाहत आमच्याच हद्दीत. तिथून येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या: तांब्याच्या तारेची चोरी, गेटवरची बाचाबाची, कंटेनरची धडक. म्हणून सकाळी हजेरी चालू असताना मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून फोन आला, तेव्हा ठाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या रायटरने निरोप दोनदा विचारून घेतला.

“अय्या,” साहेबांना म्हणतात तसे तो मला म्हणाला, “शेडचा पत्रा फोडून आत कॅमेरा पडलाय म्हणे. आभाळातून.”

आम्ही पोहोचलो तेव्हा कामगार गोल करून उभे होते. चहाची सुट्टी झाल्याने मशीनपाशी कुणी नव्हते, म्हणून कुणाला लागले नाही. सिमेंटच्या पत्र्याला भोक पडले होते आणि त्यातून येणारे ऊन नेमके त्या वस्तूवर पडले होते. काळे हेल्मेट. डोक्यावर एक पट्टी बसवून तिच्यावर मोठा कॅमेरा, बाजूला एक छोटा. दोन्ही फुटलेले. उजव्या डोळ्यासमोर येईल अशी एक बारीक काच, कानापाशी एक छोटी डबी. आणि आतून निघून तोंडापाशी येणारी एक वायर, तिच्या टोकाला रबराचा छोटा तुकडा.

“ड्रोन आहे, सार,” सुरक्षा सुपरवायझर म्हणाला. “कुणीतरी कारखान्यावर नजर ठेवतंय.”

“ड्रोनला हनुवटी असते का?” मी विचारले.

हनुवटीच्या पट्ट्याला आतून रक्त लागले होते, अजून ओले. रबराच्या तुकड्यावर दातांच्या खुणा होत्या. म्हणजे हे थोड्याच वेळापूर्वी एका जिवंत माणसाच्या डोक्यावर होते. मग तो माणूस कुठे आहे?

महजर केला. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. त्यात पट्ट्याचे वर्णन लिहिताना मी अडलो. पट्टा कापलेला नव्हता, तुटलेलाही नव्हता. बक्कल शाबूत होते. त्यातली एक बारीक पिन तेवढी निघालेली होती. “पट्टा सुटलेला आढळला” असे लिहिले आणि पुढे गेलो. कारखान्याला तक्रारीची पोच दिली, कंट्रोल रूमला कळवले आणि जवळपासच्या इस्पितळांत माणसे पाठवली. भोवतालची शेते आणि तलावाचा काठ पाहायला दोन पथके गेली. आभाळातून पडलेला माणूस कुठेच नव्हता.

काही मैलांवर एक खासगी धावपट्टी होती. तिथे एक कंपनी हौशी लोकांना विमानातून पॅराशूटने उड्या मारायला नेत असे. नवख्याला प्रशिक्षक स्वतःच्या छातीशी बांधून उडी घेतो. मॅनेजर सभ्य, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. त्याने लगेच खुर्ची दिली.

“हेल्मेट आमचंच, सार. विमानात खाली ठेवलं होतं, उघड्या दारातून घरंगळलं. पत्र्याचं जे असेल ते करून देऊ.”

“आणि ज्याचं आहे तो?”

“कॅमेरामन आज आलाच नव्हता.”

वैमानिकाला वेगळ्या खोलीत बसवून विचारले. तो म्हणाला, “विमानात खाली ठेवलं होतं, उघड्या दारातून घरंगळलं.” शब्दाला शब्द तोच. खरे बोलणारी दोन माणसे एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. एकाला दार आठवते, दुसऱ्याला आवाज. दोघांचे वाक्य सारखे निघाले, तर ते एकाच ठिकाणी बसून तयार केलेले असते. मी मान हलवली आणि त्या सकाळी उडी मारलेली हौशी व्यक्ती कोण, एवढेच विचारून घेतले.

ती सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मुलगी होती, मूळची नाशिकची. दुसऱ्या दिवशी तिच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये भेटलो. गणवेश पाहून ती इंग्रजीत अडखळू लागली, तेव्हा मी म्हणालो, “मराठीत सांगा, मला कळतं.”

तिने डोळे मोठे केले. “सर, तुम्ही मराठी?”

“तंजावरचे. आमची भाषा जरा जुनी आहे, पण चालते अजून.”

ती हसली आणि मोकळी झाली. “कॅमेरामन होता ना! माझ्याआधी दारातून बाहेर लटकला, माझ्याकडे तोंड करून. विमानात मी खूप घाबरले होते. तो म्हणाला, खाली नको, माझ्याकडे बघ. त्याच्या तोंडात ती वायर होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, उडताना दोन्ही हात तोल सांभाळायला लागतात, म्हणून मी फोटो दातांनी काढतो.”

“दातांनी?”

“हो. रबर चावलं की फोटो निघतो. मग आमचं पॅराशूट उघडलं आणि तो माझ्या पायांखालून खाली गेला. एकदम लहान झाला. त्यानंतर मी त्याला पाहिलंच नाही. खाली आल्यावर विचारलं तर म्हणाले, कॅमेरा बिघडला, तो घरी गेला.” तिने हातातला कप खाली ठेवला. “सर, तो आहे ना?”

“तेच शोधतोय,” मी म्हणालो.

उड्डाणापूर्वी जमिनीवर काढलेले फोटो त्याने तिला मोबाइलवर पाठवले होते, म्हणून त्याचा नंबर तिच्याकडे होता. फोन बंद होता. मोबाइल कंपनीकडून पत्ता मागवला, तो चेन्नईतल्या पेरुंगुडीचा निघाला.

मोठ्या इमारतींच्या मागे एक जुनी तीन मजली चाळवजा इमारत होती. दार एका वयस्क बाईंनी उघडले. मी साध्या कपड्यांत होतो. मुलाचा ओळखीचा आहे म्हटल्यावर त्यांनी आत घेतले. “न्हाणीघरात पाय घसरला हो त्याचा. लग्नसराईत एवढी कामं, आणि हा असा पडून. फोटोग्राफरला मान धरून कसं चालेल?”

तो आतल्या खोलीत पलंगावर होता. गळ्याला पट्टा, घोट्याला प्लास्टर, हनुवटीवर टाके. मला पाहताच त्याला कळले. आई कॉफी आणायला गेली तसे तो कुजबुजला, “सार, अम्माला वाटतं मी लग्नाचे फोटो काढतो. तिच्यासमोर नको.”

हा माणूस जिवंत आहे, एवढ्यानेच माझे निम्मे ओझे उतरले होते. पण तो बोलायला तयार नव्हता. परवानगी जाईल, सगळ्यांची कामे जातील, असे मॅनेजरने त्याला मळ्यातून उचलून दूरच्या इस्पितळात नेतानाच बजावले होते. कुठे होतास, काय झाले, या प्रश्नांना त्याने तेच घरंगळण्याचे वाक्य दिले. मी ते सोडून दिले. मग मला खरोखर जे जाणून घ्यायचे होते ते विचारले.

“तंबी,” मी धाकट्या भावाला म्हणावे तसे म्हणालो, “ती डोळ्यासमोरची काच कशासाठी असते?”

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मी थट्टा करत नाही याची खात्री झाल्यावर म्हणाला, “नेमासाठी, सार. कॅमेरा डोक्यावर असतो, त्यात डोळा लावून बघता येत नाही. काचेतल्या वर्तुळात माणूस आला की कॅमेऱ्यातही आला.”

“आणि कानापाशी एक डबी होती ती?”

“उंची सांगते. ठरलेल्या उंचीवर कानात शिटी वाजते. कॅमेरामनला सगळ्यात मोठा धोका फोटोचाच. समोरचा चेहरा छान दिसत असतो आणि आपण जमीन विसरतो.”

मग तो थांबेना. कॅमेरा लावण्याआधी माणसाने नुसत्या उड्याच भरपूर मारलेल्या हव्यात. उडी अंगात मुरली पाहिजे, तरच लक्ष फोटोकडे द्यायला उरते. वजन जितके कमी तितके बरे, कारण पॅराशूट उघडताना बसणारा झटका सगळा मानेवर येतो. आणि हेल्मेट नारळासारखे गुळगुळीत हवे. कुठे कोपरा नको, फट नको. जिथे फट असेल तिथे टेप लावून ती बुजवायची.

“का?”

“दोऱ्या अडकतात, सार. पॅराशूटच्या दोऱ्या डोक्यामागून वर जातात.” त्याचा हात गळ्याच्या पट्ट्याकडे गेला. मग हळू आवाजात म्हणाला, “माझ्या पट्टीचा मागचा कोपरा उघडा होता. मी कितीदा सांगितलं, बदलून द्या. कंपनीला दोन कॅमेरे हवे होते, म्हणून त्यांनी घाईत ती पट्टी बनवून घेतली. त्या दिवशी पॅराशूट उघडलं आणि दोरी त्या कोपऱ्यात अडकली. डोकं मागे ओढलं गेलं. पॅराशूट अर्धंच फुललं आणि मी गरगरायला लागलो. वर बघता येईना, खाली बघता येईना.”

“मग हेल्मेट निघालं कसं?”

“निघालं नाही सार, मी सोडलं.” त्याने उजवा हात हनुवटीपाशी नेला आणि डोळे मिटून बोटाने एक झटका दिला. “इथे एक कडी असते. ओढली की पिन निघते आणि पट्टा सुटतो. मी रोज जमिनीवर डोळे मिटून सराव करतो. अम्मा विचारते, दाढ दुखते का म्हणून. हेल्मेट गेलं आणि पॅराशूट पूर्ण उघडलं. धावपट्टीपर्यंत पोचलो नाही, एका मळ्यात आदळलो. पण पोचलो.”

महजरातल्या ज्या ओळीवर मी अडलो होतो, तिचा अर्थ मला तिथे लागला.

त्याचा जबाब घेतला. निघताना तो म्हणाला, “सार, रविवारी मोठा कार्यक्रम आहे. माझ्या जागी नवीन मुलगा घेतलाय. त्याला सांगाल का, पट्टीचा कोपरा बघून घे म्हणून?”

रविवारी सकाळी आम्ही धावपट्टीवर गेलो तेव्हा विमानाचा पंखा फिरत होता. नवीन कॅमेरामन तिशीच्या आतला होता, लग्नाचे व्हिडिओ करणारा. उड्या मारायला नुकताच शिकला होता. त्याच्या डोक्यावर तसेच दुसरे हेल्मेट होते, तशीच पट्टी, तसाच उघडा कोपरा. मॅनेजर लगबगीने आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट थोडा अभिमान होता.

“सार, आम्ही धडा घेतलाय. हे बघा, हनुवटीचा पट्टा आता पक्का शिवून टाकला. वर स्क्रू. काही झालं तरी हेल्मेट कुणाच्या छतावर पडणार नाही!”

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या तरुणाला म्हणालो, “तंबी, समज हेल्मेट कशात तरी अडकलंय आणि तुझी मान ओढली जातेय. काढ बरं ते.”

तो हसत हसत हनुवटीकडे हात घेऊन गेला. बोटे पट्ट्यावरून फिरली. मग दुसरा हात आला. त्याने मान वाकवली, पट्टा खेचला, स्क्रू चाचपला. आम्ही सगळे बघत उभे होतो. पाय जमिनीवर होते, वारा नव्हता, कुणी गरगरत नव्हते, तरी त्याला ते निघेना. त्याचे हसू हळूहळू गेले. शेवटी हवालदाराने स्क्रूड्रायव्हर आणून स्क्रू काढला, तेव्हा त्याचा चेहरा घामाने भिजलेला होता. हेल्मेट त्याने मॅनेजरच्या हातात दिले नाही, माझ्या हातात दिले. मग पाठीवरचे पॅराशूट उतरवले आणि जाऊन सावलीत बसला. वैमानिकाने कुणी न सांगता इंजिन बंद केले.

निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालणे आणि माहिती दडवणे, असा गुन्हा नोंदवला. विमान वाहतुकीच्या अधिकाऱ्यांना अहवाल गेला आणि त्यांनी तिथल्या उड्या थांबवल्या. मॅनेजर कोठडीत मला पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, “सार, मी तर सुधारणा केली होती.” तो खोटे बोलत नव्हता. पहिल्या दिवशी बोलला होता, आता नाही. हेल्मेट खाली पडले, ही त्याच्या दृष्टीने झालेली चूक होती. ते पडले म्हणून माणूस वाचला, याचा विचार करायला त्याला कुणी लावलेच नव्हते.

नोकरीत मी खोटे बोलणारे पुष्कळ पाहिले. त्यांची मला भीती वाटली नाही. खोटे कुठेतरी उसवतेच. भीती वाटते ती मन लावून उलटा धडा घेणाऱ्या माणसाची. अपघातानंतर “हे कसे तुटले?” असे सगळेच विचारतात. “हे कुणी मुद्दाम सोडले होते का, आणि का?” असे विचारणारा क्वचित भेटतो. त्यानंतर मी हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना एकच सांगत आलो: प्रश्न उलटतपासणीचा नंतर विचारा, आधी कुतूहलाचा विचारा. माणूस आपल्या चुकीबद्दल गप्प राहील, पण आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारले तर गप्प राहणे त्याला जड जाते.

जखमी कॅमेरामनला खटल्यात साक्ष द्यायची म्हणजे आईला सांगणे भाग होते. त्याने मला बरोबर बोलावले. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. त्याने सगळे सांगितले, विमान, उडी, दोरी, मळा. मी रडारड अपेक्षित धरली होती. त्या बराच वेळ त्याच्या मानेकडे बघत राहिल्या. मग विचारले, “वरून आपलं घर दिसतं का रे?”

“घर नाही दिसत, अम्मा,” तो म्हणाला. “समुद्र दिसतो. त्याच्या अलीकडे कुठेतरी तू आहेस, एवढं कळतं.”