जीपचा चोरखटका

सोमवार, तळोदा. हजर: मी, ड्रायव्हर आणि गल्लीतला फिटर. माझी जीप डोंगरातल्या गावांना सवारी नेते. घर तिच्यावरच चालतं. ती चोरीला जाऊ नये म्हणून फिटरने सीटखाली चोरखटका बसवला. तो दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. जागा आम्हा तिघांनाच ठाऊक.

गुरुवारी सकाळी पाहिलं तर मीटर माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा चौदा किलोमीटर पुढे होतं. सीटही पुढे सरकवलेली. ड्रायव्हर उंच आहे, फिटर बुटका.

फिटर हसून म्हणाला, "ताई, ब्रेक देखाले लई गयथू."

"चौदा किलोमीटर ब्रेकच पाहिलास?"

"घाटना ब्रेक घाटमाच समजतस, ताई!"

ड्रायव्हर मान खाली घालून काच पुसत राहिला. चावी त्याच्याकडे असते, म्हणजे दिली त्यानेच. आज घाटापर्यंत नेली, उद्या गुजरातेत नेतील.

मी यादीत लिहिलं: खटक्याची जागा बदलणे. त्यासाठी शहाद्याचा दुसरा फिटर ठरवला. पण मला गाडी चालवता येत नाही. शहाद्यापर्यंत जीप नेणार हाच ड्रायव्हर, आणि नवी जागाही तो बघणारच. त्या ओळीवर अजून खूण केलेली नाही.