बोटांवरचा सफेदा

ती केस अजून डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आठवतो तो एक प्लंबिंगचा ठेकेदार.

निवृत्तीच्या थोडं आधीची गोष्ट. नागपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. रविवारी दवाखान्यातून खबर आली की प्लंबिंगच्या कामावरचा एक मजूर नव्या इमारतीवरून पडलाय, शुद्धीवर नाही. स्टेशन डायरीला नोंद करून मी जाऊन आलो. भिवापूरकडचा माणूस. बायको बाकावर सुन्न बसलेली. त्याच्या बोटांना पांढरं काही लागलं होतं. तंबाखूचा चुना असेल म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळी बांधकामावरचा सुपरवायझर ठाण्यात आला. आवाज खाली करून म्हणाला, "साहेब, आज काम बंद होतं. तो दारू पिऊन डबा न्यायले आला अन् जिन्यावरून पडला. आता त्याचा ठेकेदार, तो कामावरच पडला म्हणून सांगून राहिला. मजुरांचा विमा काढला आहे ना त्यानं!"

मला पटलं. पोलिसाला लबाडी लवकर पटते, काय करणार! ठेकेदाराला बोलावून चांगलं दमात घेतलं.

"चार माणसं तुझ्याकडे, अन् विमा? दुसरा कोणता प्लंबर काढतो? तू काहून काढला?"

"कोणीच नाही काढत साहेब. हसतात मले. पण काम शिकत होतो तवा मीही टाकीवरून पडलो होतो. उस्ताद दवाखान्याच्या दारात टाकून पळाला. हा माझा माणूसच नाही म्हणाला. तवाच ठरवलं, आपल्या हाताखालचा माणूस आपला म्हणायचा."

"रविवारी काहून पाठवलं?"

"सोमवारी पाणी चालू पाहिजे म्हणून बिल्डर मागे लागला होता. मीच पाठवलं."

खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगत सुटतो. हा विचारलं तेवढंच सांगत होता. माझा संशय तिथेच सैल झाला.

सकाळी पंच घेऊन इमारतीवर गेलो. सुपरवायझरने जिना दाखवला. जिना स्वच्छ धुतलेला. मी तसाच वर गच्चीवर गेलो. एका बाजूला कठडाच नव्हता, आणि तिथेच पाइपचा एक सांधा अर्धवट पिळून सोडलेला. पाणी गळू नये म्हणून प्लंबर पाइपच्या आट्यांवर धागा गुंडाळतात आणि वर पांढरा सफेदा फासतात. तो अजून ओलसर होता. दवाखान्यातली ती बोटं झटकन डोळ्यांपुढे आली.

"डबा न्यायले आलेला माणूस सफेदा काहून फासते गा?" मी विचारलं.

सुपरवायझरचं तोंड उतरलं. कठड्याचं प्रकरण अंगाशी येईल म्हणून बिल्डरने त्याला पढवलं होतं. याने मजुराची कामाची हत्यारं उचलली, जिना धुतला, सांधा मात्र विसरला.

मग ठेकेदाराचा जबाब घ्यायला बसलो. जबाबासाठीच बोलावलेली मजुराची बायको दाराबाहेर बसली होती.

"उंचावर बांधायचा कमरेचा पट्टा दिला होता त्या मजुराला?"

"दुकानात लटकून होता. मी जबरदस्ती केली नाही. लिहा."

"अरे बाबा, हे लिहिलं तर बिल्डरबरोबर तूही आरोपी होशील."

तो बाहेर तिच्याकडे बघत म्हणाला, "एक गोष्ट लपवली तर विमावाले बाकीचंही खोटं म्हणतीन साहेब, अन् तिची भरपाई अटकन. लिहा तुम्ही."

वा रे गड्या! मनातल्या मनात मी त्याला सलाम ठोकला आणि त्याच हाताने त्याच्यावर गुन्हा नोंदवला. पुढे विम्याची भरपाई मिळाली. मजूर काठी टेकत का होईना, चालायला लागला.

आपलं नाव वगळा म्हणून हातापाया पडणारे मी नोकरीभर पाहिले. दुसऱ्याच्या बायकोला भरपाई मिळावी म्हणून स्वतःचं नाव गुन्ह्यात घालून घेणारा हा एकच. जबाबदारी हा शब्द आम्ही भाषणांत वापरायचो. तिचा अर्थ मला त्या खुर्चीत बसलेल्या आरोपीने शिकवला.

त्या दिवशी जबाबावर सही झाल्यावर मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने कप घेतला नाही.

"पहिले तिले द्या साहेब. कालपासून उपाशी बसून आहे."

तो कप मी स्वतः बाहेर नेऊन दिला.