पुढं केलेला तळहात

तंबाखूच्या वखारीवरून जाताना तो उग्र वास नाकात शिरला, की मला सीमाभागातल्या आमच्या नगरपालिकेतली एक दुपार आठवते. सत्तरच्या दशकातली. मी तिथं नवा कारकून होतो. एका मेंबरानं सफाई कामगारांच्या मुकादमाला भर बाजारात जातीवरून शिवी दिली होती, आणि सगळ्यांनी झाडू खाली ठेवले होते. गटारं तुंबली, नाकाला रुमाल लावल्याशिवाय पेठेतनं फिरता येईना. "माफी मागितल्याबिगर काम न्हाय," मुकादम सभागृहाच्या दारातनं म्हणाला. "मला माफी मागाय लावलासा, तर आमच्या गटाचे राजीनामे घ्या, आप्पा," मेंबर टेबलावर हात आपटून ओरडला. चिकोडीहून पोलीस मागवावेत, अशी कुजबुज सुरू झाली. आप्पा म्हणजे आमचे वयस्कर अध्यक्ष. त्यांनी चंची सोडली, तंबाखूला चुना लावला, सावकाश मळली, थापटली, आणि उठून दारापाशी जात तळहात मुकादमापुढं धरला. "घे रं." असा पुढं आलेला हात आमच्याकडं कुणी नाकारत नाही. मुकादम बिचकला, मग त्यानं चिमूट उचलली. तोच तळहात मेंबरापुढं आला. त्याच्या घरी मुकादमाला पाणीसुद्धा वरून ओतत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांचा हात हलला नाही. शेवटी मेंबरानं त्याच तळहातावरची चिमूट ओठाआड ठेवली, आणि मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं." संध्याकाळी पेठेत झाडू वाजू लागले. मी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. पण अजूनही त्या वासानं माझा हात आपसूक पुढं होतो.