घोडेगावच्या बैलांचं विशेषण

कार्डावर वरती 'श्री' नव्हतं. मजकूर वाचण्याआधीच कळलं, आणि तरी मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. देवळाली प्रवऱ्याहून मामींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. दामूमामा विषमज्वरानं गेले. कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकायचं असतं. मी फाडलं. त्याला आता सात आठवडे होतील.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. देवळालीच्या शाळेत गुरुजी होते. फायनल पास होऊन नोकरीला लागले, इंग्रजी आपलं आपण शिकले. पुढं वरच्या मुलांना इंग्रजीची सुरुवात करून देण्याचं काम शाळेनं त्यांच्यावर सोपवलं, तेव्हा त्यांना काळजी पडली. आपण मुलांना चुकीचं शिकवलं तर? मी नगरला इंग्रजी शाळेत, तिथल्याच बोर्डिंगात राहणारी. म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते सर्व्हिस मोटारीनं नगरला येत आणि बोर्डिंगच्या व्हरांड्यात बाकावर बसून वही उघडत. युद्धामुळं कागद मिळत नसे. वही म्हणजे जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजू, शिवलेल्या. आठवड्याला एक विशेषण घ्यायचं आणि त्याची तीन वाक्यं करायची, अशी त्यांची पद्धत होती. त्यांची अट एकच. पुस्तकातलं वाक्य उतरायचं नाही, आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचं नाही. त्यामुळं 'ग्लॉसी', म्हणजे तुकतुकीत, हा शब्द त्यांनी मामींच्या परसातल्या वांग्यांना लावला होता आणि 'सलन', म्हणजे आंबट, घुमा, हा तपासणीला आलेल्या साहेबांच्या चेहऱ्याला. मी म्हटलं, "मामा, हे साहेबांनी वाचलं तर?" ते म्हणाले, "वाचू दे की. त्यांना तरी अर्थ कुठं ठाऊक असनार!"

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मामा एका शेजाऱ्याबरोबर घोडेगावच्या बाजाराला गेले होते. लोक मिळेल त्या किमतीला जनावरं विकत होते, त्यांच्याकडं बघवत नव्हतं, असं ते म्हणाले. त्या आठवड्याचा शब्द होता 'गॉन्ट'. उपासमारीनं खंगलेला, हाडं वर आलेला. त्यांनी वाक्य केलं होतं, की घोडेगावच्या बाजारातले गॉन्ट बैल गिऱ्हाइकाकडं न पाहता आले त्या रस्त्याकडं पाहत उभे होते. इंग्रजीत ते याहून साधं आणि याहून चांगलं होतं. मी इतकी वर्षं इंग्रजी शाळेत काढली, पण असं वाक्य माझ्या हातून कधी उतरलेलं नाही.

मामा ते मोठ्यानं वाचत होते. त्यांना हळू वाचता येत नसे. सवय वर्गाची. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी काकवीची बाटली आणली होती, ती मोटारीत हिंदकळून पिशवीत सांडली होती आणि बाकावर चिकट डाग पडला होता. माझ्या खोलीतली शीला आणि आणखी दोघी जिन्याजवळ उभ्या होत्या. शीला म्हणाली, "तुझे अंकल बैलांवर काव्य करतात, हे सांगितलं नाहीस कधी." त्या हसल्या. मामांनीही वर बघून हसून मान हलवली. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

मी लाल शाईनं ते वाक्य खोडलं. म्हटलं, "हा शब्द जनावरांना लावत नाहीत. फक्त माणसांना लावतात."

आदल्याच आठवड्यात आम्ही वर्गात हा शब्द वाचला होता. तो एका घोड्याला लावलेला होता.

"असं व्हय," मामा म्हणाले. "मला वाटलं, बैलाला चपखल बसतोय. पर तू म्हनतेस म्हंजे तसंच असनार." आणि समासात त्यांनी तो नियम त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून घेतला. त्यानंतरही ते येत राहिले, पण वाक्यं बदलली. ती वाचनमालेतून उतरलेली असत, त्यात इंग्लंडातली फुलं असत, बर्फ असे. मी ती तपासून बरोबरच्या खुणा करी. चुका नसतच. दसऱ्याला ते आमच्या घरी आपट्याची पानं घेऊन आले आणि आईच्या आधी माझ्या हातावर ठेवली. आई म्हणाली, "अरे, ती भाची तुझी, लहान आहे." मामा म्हणाले, "लहान कशी? गुरू हाय ती माझी." मी पानं घेतली आणि आत निघून गेले.

सांगायची संधी मिळाली नाही असं मला म्हणता येणार नाही. मे महिन्यात मी त्यांना पाहायला गेले होते. ताप चढत होता, बोलणं मंद झालं होतं. मामी पाणी आणायला गेल्या तेव्हा मी खाटेजवळ सरकून म्हटलं, "मामा, तो एक शब्द..." त्यांनी डोळे उघडले. "नवा शब्द आनलास? सांग." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी एक नवा शब्द सांगितला. त्यांनी तो दोनदा पुटपुटला.

मागच्या आठवड्यात मामींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी शाळेची दोन पुस्तकं परत द्यायला मला शाळेत पाठवलं. नवे गुरुजी अजून आले नव्हते. मुलं आपली आपणच बसली होती, मला पाहून उभी राहिली. टेबलावर पुस्तकं ठेवताना पुढच्या रांगेतल्या एका मुलीची वही उघडी दिसली. शब्दांची वही. त्यात 'गॉन्ट' होता. मी सहज विचारावं तसं त्या शब्दावर बोट ठेवलं.

ती उभी राहून घडाघडा म्हणाली, "गॉन्ट म्हंजी खंगलेला. फकस्त मान्साला लावायचा, जनावराला न्हाई. गुरुजींच्या भाचीबाईंनी सांगितलंय. त्या नगरला इंग्रजी शाळंत हायेत."

मी म्हटलं, "बैलालाही लावतात."

"मंग गुरुजींचं चुकलं व्हय?"

"गुरुजींचं नाही. त्यांच्या भाचीचं चुकलं."

तिनं माझ्याकडं जरा संशयानंच पाहिलं. "न्हाई बाई. गुरुजी म्हनायचे, ती चुकत न्हाई." आणि तिनं वही मिटली. खोडलं काही नाही.

ती भाची मीच, हे मला तिथंही सांगता आलं नाही. 'चुकलं' म्हणाले, तेही खरं नव्हतं. चुकलं नव्हतं. मला ठाऊक होतं.