मळलेली पानं

महाडच्या बाजारात पुस्तकं बांधून देणारे एक चाचा बसायचे. देवळातली पोथी असो की मशिदीतली किताब, हाताला लागलेली खळ धुवून, हात पुसूनच ते ती उघडायचे.

वडिलांनी आम्हा दोघा भावांना एकाच पोथीची एकेक प्रत दिली होती. भक्ती मोठी की कर्म, यावरून बिरवाडीच्या धाकट्याशी माझं वर्षभर बोलणं बंद होतं. पोथी दुरुस्तीला दिली तेव्हा मी चाचांनाही ठणकावलं, "भक्तीच मोठी! यातच लिहिलंय."

त्यांनी पोथी आडवी धरून कडांवर अंगठा फिरवला. "तुमची सुरवातीची पानं हात लागून काळी झालीत. मागच्या महिन्यात बिरवाडीचा एक जण अशीच पोथी घेऊन आला होता. त्याची शेवटची काळी होती. तोपन असाच तावातावानं बोलत होता."

"मग बरोबर कोण?"

"ते मला नाय ठावं. पन कोरी पानं दोघांकडं हायत."

भक्तीच मोठी, हे मी आजही सांगतो. पण बांधलेली पोथी घेऊन त्या दिवशी मी घरी गेलो नाही. थेट बिरवाडी गाठली आणि धाकट्याला म्हणालो, "ही तू ठेव. तुझी मला दे."